शेवटचे कडवे कोणी कापले?

गेल्या महिन्यात एका दिवाणी दाव्याच्या तारखेसाठी आम्ही छत्रपती संभाजीनगरहून वैजापूरला निघालो होतो. गाडी आमचा भाचा चालवत होता. पोरगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाडीत एरवी भीमगीतांचा पेनड्राइव्ह लावलेला असतो. त्या दिवशी त्याने आपला मोबाइल जोडला. पडद्यावर नाव उमटले, 'निर्वाणा'. आम्हाला वाटले, पोराला सुबुद्धी झाली, सकाळच्या प्रहरी वंदना लावतो आहे. पुढच्याच क्षणी गिटार आणि ढोलाचा असा कल्लोळ उठला की मांडीवरची दाव्याची फाइल खाली पडली.

"मामा, अमेरिकेतला बँड आहे हा. पहिलं गाणं नीट ऐका, ते कोर्टात अडकलं होतं."

वकिलाला एवढे पुरे असते. आम्ही ऐकू लागलो.

या संगीताला 'अल्टरनेटिव्ह रॉक' म्हणतात. म्हणजे बाजारात जे गुळगुळीत रॉक संगीत चालते त्याला पर्याय. 'निर्वाणा' या बँडचा गायक आणि गीतकार कर्ट कोबेन. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील अ‍ॅबर्डीन या लाकूडतोडीवर जगणाऱ्या आणि पुढे उतरणीला लागलेल्या गावात तो १९६७ साली जन्मला. बाप गाड्या दुरुस्त करणारा. बँडच्या हयातीत अल्बम निघाले ते तीनच मोठे: १९८९, १९९१ आणि १९९३ साली. त्यातील १९९१ चा 'नेव्हरमाइंड' जगभर गेला. आम्ही ऐकत होतो ते या सगळ्यातून निवडलेल्या गाण्यांचे संकलन. २९ ऑक्टोबर २००२ रोजी ते निघाले. चौदा गाणी, पन्नास मिनिटांच्या आत आटोपणारी.

खरे सांगायचे तर शब्द फारसे कळले नाहीत. कडवे हळू आवाजात, जवळजवळ पुटपुटल्यासारखे, आणि ध्रुपद आले की एकदम फाटलेला आवाज. चार गाण्यांनंतर ही रीत ओळखीची झाली आणि थोडा कंटाळाही आला. पण तो फाटलेला आवाज मात्र परका वाटला नाही. माइक बंद पडल्यावरही शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू जावे म्हणून बेंबीच्या देठापासून गाणारे शाहीर आम्ही लहानपणी वस्तीत ऐकले आहेत.

नावाचे म्हणाल तर निब्बान म्हणजे विझणे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात निब्बानाला मरणोत्तर काही न मानता याच जीवनात विकारांवर मिळवलेला ताबा, असा अर्थ दिला. कोबेन यांना ते सुख लाभले नाही. ५ एप्रिल १९९४ रोजी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले.

आता त्या पहिल्या गाण्याचा खटला. ते गाणे बँडने ३० जानेवारी १९९४ रोजी सिएटलमध्ये ध्वनिमुद्रित केले. त्याच महिन्यात, १४ जानेवारीला, आमच्या शहरात विद्यापीठाचा नामविस्तार झाला होता. आम्ही तेव्हा शाळेत होतो आणि विद्यापीठ गेटवर दिवसभर वाजणारी गाणी आम्हाला तोंडपाठ झाली होती. दोन महिन्यांनी कोबेन गेले आणि ते गाणे तसेच पडून राहिले. बँडमधील क्रिस्ट नोव्होसेलिक आणि डेव्ह ग्रोल यांना ते गाण्यांच्या एका मोठ्या संचात घालायचे होते. कोबेन यांची पत्नी कोर्टनी लव्ह २००१ साली न्यायालयात गेल्या. मोठ्या संचात हे गाणे वाया जाईल, निवडक गाण्यांच्या एकाच तबकडीवर ते आले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. २००२ मध्ये समेट झाला, संकलन निघाले आणि पहिलेच गाणे ते ठेवले गेले.

साडेतीन मिनिटांचे एक गाणे. त्यासाठी वकिलांच्या फौजा, नोटिसा, समेटाचे मसुदे. भाच्याला यात पैशाचा हावरेपणा दिसला, आणि तो होताच. आम्हाला मात्र वेगळेच दिसले. त्या गाण्याचा लेखक कोण, याबद्दल एकाही पक्षाने वाद घातला नव्हता. भांडण त्यानंतरचे होते. आमच्याकडे भांडण तिथपर्यंत पोचतच नाही.

तिकडे सगळे न्यायाने चालते असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. नोव्हेंबर १९९३ मध्ये दूरचित्रवाणीसाठी केलेल्या मैफलीचा शेवट याच बँडने लेडबेली या कृष्णवर्णीय गायकाकडून आलेल्या गाण्याने केला होता. लेडबेली म्हणजे हडी लेडबेटर. १९३३ साली लुइझियानाच्या तुरुंगात ते कैदी असताना लोकगीते गोळा करणारे जॉन लोमॅक्स त्यांच्यापर्यंत पोचले. पुढे 'गुडनाइट आयरीन' या त्यांच्या गाण्याच्या हक्कात लेडबेटर यांच्या नावाशेजारी लोमॅक्स यांचेही नाव लागले. १९४९ च्या डिसेंबरात लेडबेली गेले आणि १९५० मध्ये एका गोऱ्या गायकवृंदाने गायलेले तेच गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचले. गाणारा तुरुंगातला आणि कागद करणारा बाहेरचा असला की काय होते, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

परतीच्या वाटेवर आम्ही आमचा पेनड्राइव्ह लावला. 'सुपरहिट भीमगीते', दोनशेच्या वर गाणी. फायलींची नावे पाहिली तर 'ट्रॅक एक', 'ट्रॅक दोन', 'जयंती स्पेशल', 'डीजे मिक्स'. क्वचित कुठे गायकाचे नाव. गीतकाराचे एकावरही नाही. १४ एप्रिलला क्रांती चौकापासून भडकल गेटपर्यंत ज्या गाण्यांवर हजारो पोरे नाचतात, ती कोणी लिहिली हे त्या पोरांना कोणी सांगितलेलेच नाही. यात गायकांचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांनी ही गाणी घराघरात नेली, म्हणून ती टिकली. पण गळा लक्षात राहिला आणि लेखणी पुसली गेली.

वामनदादा कर्डकांचेच घ्या. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा. शाळेची पायरी न चढलेला हा माणूस मोठेपणी अक्षरे शिकला, १९४३ साली पहिले गीत रचले आणि १५ मे २००४ रोजी जाईपर्यंत लिहीत व गात राहिला. हजारो गीते. वामनदादा हे नाव निदान मोठे आहे, कोणी ना कोणी ओळखतो. त्यांच्या मागे गावोगावचे जे शेकडो शाहीर होते त्यांचे काय?

या शाहिरांनी आपल्या सहीची व्यवस्था स्वतःच करून ठेवली होती. तुकोबांच्या अभंगात, कबीराच्या दोह्यात जसे त्यांचे नाव येते, तसे आमच्या गीतकारांनी शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफले. छापखाना नाही, रजिस्टर नाही, वकील नाही. म्हणून सही गाण्यातच. जोपर्यंत गाणे पूर्ण गायले जाते तोपर्यंत ती पुसता येत नाही. आता कॅसेट, सीडी आणि डीजे यांनी काय केले? गाणे लांब होते म्हणून ते आखूड केले. ध्रुपद चार वेळा, पहिले कडवे, दुसरे कडवे, पुन्हा ध्रुपद, संपले. शेवटचे कडवे गेले. त्याबरोबर सही गेली.

ही काही हवेतली गोष्ट नाही. २००९ साली जालना जिल्ह्यातील एक वृद्ध शाहीर आमच्याकडे आले होते. हातात एक एमपीथ्री सीडी. तीत त्यांचे एक गाणे होते आणि वेष्टनावर त्यापुढे 'पारंपरिक' असे छापले होते. आम्ही नवखे वकील, उत्साहात कंपनीला नोटीस ठोकली. उत्तर आले की हे लोकगीत आहे. तुमच्या अशिलाचे असेल तर पुरावा द्या. पुरावा कुठला? शाहिरांना लिहिता येत नव्हते. मुलाने शाळेत असताना लिहून घेतलेली वही एका पावसाळ्यात घराबरोबर भिजून गेली. उरले होते ते शेवटचे कडवे, ज्यात त्यांचे नाव आणि गावाचेही नाव होते. सीडीवर नेमके तेच नव्हते.

गावातले चार म्हातारे साक्षीला तयार होते. पण शाहीर म्हणाले, "वकीलसाहेब, माझ्याच्यानं आता तारखा होत नाहीत. राहू द्या." आम्ही राहू दिले. दोन वर्षांनी ते गेले. त्या दिवशी आमच्या कार्यालयात ते गाणे त्यांनी पूर्ण म्हणून दाखवले होते, शेवटच्या कडव्यासह. आम्ही डोळे मिटून ऐकले. ते ध्वनिमुद्रित करावे, त्यांचे शपथपत्र नोटरीसमोर करून घ्यावे, एवढे आम्हाला सुचले नाही. अर्ध्या तासाचे काम होते. कंपनीने जे केले ते केले; पण हा हलगर्जीपणा आमचा, आणि तो अजून बोचतो.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्या गीतकारांच्या घरात हे माहीत नसते. कॉपीराइट अ‍ॅक्ट १९५७ प्रमाणे गीत रचले आणि ते लिहिले गेले की हक्क जन्मतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. पण भांडण लागले की न्यायाधीश कागद मागतो. हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. म्हणजे वामनदादांच्या गीतांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत आणि अण्णाभाऊ साठे यांच्या लेखनावरील २०२९ अखेरपर्यंत. कलम ५७ आणखी पुढे जाते. हक्क विकून टाकला तरी 'हे माझे आहे' असे म्हणण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो, आणि त्याच्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड केल्यास तो दाद मागू शकतो. गाण्यातून कवीचे नावच कापणे ही अशी मोडतोड आहे, असे आमचे मत आहे. एखाद्या तरुण वकिलाने हा मुद्दा खंडपीठात लढवावा.

२०१२ साली या कायद्यात दोन मोठ्या दुरुस्त्या झाल्या. पूर्वी लेखक गेल्यावर 'हे माझ्या बापाचे गीत आहे' असा दावा वारसांना कलम ५७ खाली करता येत नव्हता. तो अडसर निघाला. दुसरे, चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात वापरल्या जाणाऱ्या गीताच्या रॉयल्टीतला वाटा गीतकाराला आता कंपनीच्या नावे लिहून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. गीतकारांच्या सोसायटीचे, म्हणजे १९६९ पासूनच्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे, सभासद असलेले आपले किती शाहीर आहेत? आम्हाला भेटलेल्यांपैकी एकही नाही. आणि एक पळवाट अजून आहेच. ध्वनिमुद्रणाच्या वेष्टनावर कोणती नावे हवीत ते कलम ५२अ सांगते: मुद्रण करणाऱ्याचे, हक्काच्या मालकाचे. कवी मालक नसेल तर त्याचे नाव छापण्याची सक्ती त्या कलमात नाही.

यावर चळवळीतले काही मित्र म्हणतात, अहो, ही गाणी समाजाची आहेत, त्यांना मालक कशाला? बाबासाहेबांचे गाणे विकायचे का? मित्रांचा हेतू चांगला आहे. पण समाजासाठी हक्क सोडायचा तर तो सोडण्याचा अधिकार ज्याचा आहे त्याने सोडावा. त्यासाठी कायद्यात कलम २१ आहे. आज घडते आहे ते असे की कवीने सोडलेले नाही, समाजाला मिळालेले नाही आणि तिसराच कोणी सीडी विकून, आता मोबाइलवर जाहिराती दाखवून, पैसे घेतो आहे.

संकलनाची दुसरी एक खोड आहे, ती 'निर्वाणा'च्या तबकडीवरही दिसते. त्यांच्या १९८९ च्या पहिल्या, खडबडीत अल्बममधील एकच गाणे निवडीत आले, आणि तेही त्यातल्या त्यात गोड. आमच्या पेनड्राइव्हवर जयंतीचे, जल्लोषाचे सगळे आहे. पण नामांतराच्या लढ्यातली, पोचिराम कांबळे आणि गौतम वाघमारे यांच्यावरची गाणी शोधून सापडली नाहीत. ज्यावर नाचता येत नाही ते 'सुपरहिट' होत नाही.

भाच्याने दुसऱ्या दिवसापासून एक काम हाती घेतले. पेनड्राइव्हमधील प्रत्येक फाइलला गाण्याचे, गायकाचे आणि गीतकाराचे नाव द्यायचे. जुन्या कॅसेटची वेष्टने, वामनदादांचे छापील संग्रह, सगळे पसरून बसला. पहिल्या संध्याकाळी सतरा गाण्यांची नावे लागली. मग अडला आणि मोबाइल घेऊन आजीकडे, म्हणजे आमच्या आईकडे गेला. आईने ऐकता ऐकता चार शाहिरांची नावे सांगितली, त्यातले दोघे आमच्या पंचक्रोशीतले निघाले. तीन गाण्यांची शेवटची कडवी तिने म्हणून दाखवली. फायलींमध्ये ती नाहीत. या वेळी मोबाइलवर ध्वनिमुद्रण चालू होते.