वजनात बसण्याची शिक्षा

मुष्टियुद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे महंमद अली किंवा माईक टायसन उभा राहतो. शंभर किलोचा देह, एक ठोसा आणि समोरचा आडवा. वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापून येतात तीही बहुधा अशांचीच. परंतु ज्याला ही कला खरोखर पाहावयाची आहे त्याने पन्नास किलोच्या आसपासच्या पोरांच्या लढती पाहाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. इंग्रजीत फ्लाय म्हणजे माशी, म्हणून या गटाला फ्लायवेट म्हणतात. नाव काहीसे हिणवणारे आहे खरे. पण ज्याने हाताने माशी मारण्याचा प्रयत्न केला आहे त्याला त्यातले मर्म सांगावयास नको.

व्यावसायिक मुष्टियुद्धात या गटाची मर्यादा ११२ पौंड, म्हणजे ५०.८ किलो. त्याखालचा गट १०८ पौंडांचा, म्हणजे ४९ किलोंचा. एक गव्हाचे पोते म्हणा ना! या गटात १३ मार्च १९९३ रोजी अमेरिकेत लास व्हेगास येथे मायकेल कार्बाहाल आणि मेक्सिकोचा उंबेर्तो गोन्सालेस यांची गाठ पडली. कार्बाहाल दुसऱ्या फेरीत खाली पडला, पाचव्या फेरीत पुन्हा पडला, चेहरा रक्ताने माखला. आणि सातव्या फेरीत त्यानेच गोन्सालेसला गारद केले. जड गटातले वीर चार-पाच फेऱ्यांनंतर धापा टाकीत एकमेकांच्या गळ्यात पडतात. या पोरांचे हात मात्र शेवटच्या फेरीपर्यंत चालूच असतात.

पण हा आरोग्याचा स्तंभ आहे. लढतीपेक्षा लढतीच्या आदल्या दोन दिवसांबद्दल मला अधिक सांगावयाचे आहे.

वेल्सचा जिमी वाइल्ड १९१६ ते १९२३ या काळात जगज्जेता होता. त्याचे वजन पुष्कळदा १०० पौंडही, म्हणजे ४५ किलोही, भरत नसे. पोटभर जेवून लढणारा तो माणूस. आजचा फ्लायवेट असा नसतो. एरवी तो ५६-५७ किलोंचा असतो आणि काट्यावर मात्र पन्नासचा दिसतो. मधले पाच-सहा किलो जातात कोठे?

आधी मीठ बंद, मग भात-पोळी बंद, शेवटच्या दिवशी पाणीही बंद. अंगावर प्लॅस्टिकचा किंवा रबराचा पोशाख चढवून दोरीच्या उड्या मारावयाच्या, वाफेच्या खोलीत बसावयाचे, तोंडाला आलेली लाळसुद्धा थुंकून टाकावयाची. वाचकांनी ध्यानात घ्यावे की यात चरबी जवळजवळ जातच नाही. चरबी दोन दिवसांत उतरत नसते. जाते ते पाणी. ६० किलोच्या तरुणाच्या शरीरात सुमारे ३६ लिटर पाणी असते आणि एक लिटर पाणी म्हणजे बरोबर एक किलो. काटा खुश होतो, एवढेच.

पाणी कमी झाले की रक्त घट्ट होते, नाडी वाढते, घाम येईनासा होतो आणि अंगातली उष्णता बाहेर पडेनाशी होते. मूत्रपिंडांवर ताण येतो. सोडियम-पोटॅशियमचा तोल बिघडला तर पायात गोळे येतात, आणि तोल फारच बिघडला तर हृदयाचे ठोके चुकू लागतात. वजनाच्या दोन टक्के पाणी गेले तरी दमसास कमी होतो. येथे तर आठ-दहा टक्क्यांची गोष्ट चालू आहे. मेंदूभोवती पाण्याची गादी असते. सुकलेल्या शरीरात डोक्यावरचा मार मेंदूला अधिक लागतो, असा अनेक डॉक्टरांना संशय आहे. तो पुरता सिद्ध झालेला नाही. पण सिद्ध होईपर्यंत वाट पाहण्याजोगी ही गोष्ट नव्हे.

पूर्वी वजन लढतीच्या दिवशीच होत असे. १९८० च्या दशकात ते आदल्या दिवशी घेण्याची पद्धत आली. हेतू चांगला होता: मुलांना खायला-प्यायला वेळ मिळावा. झाले उलटेच. वेळ मिळतो म्हटल्यावर मुले आणखी खालचा गट गाठू लागली. ऑलिंपिकमध्ये तर तेवढाही वेळ नाही. निखत झरीन २०२४ साली पॅरिसमध्ये ५० किलो गटात हरली, तेव्हा दोन दिवस अन्न नव्हते आणि पाणीही वजन झाल्यावरच मिळाले, असे तिने सांगितले. त्याच स्पर्धेत कुस्तीच्या ५० किलो गटात विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅमनी जास्त भरली आणि बाद झाली. रात्रभर घाम गाळून, केस कापूनही ते १०० ग्रॅम उतरले नाहीत. आपण सर्वांनी तेव्हा नियमाला शिव्या दिल्या. ती रात्र तिच्या शरीराने कशी काढली असेल, याची चौकशी फार थोड्यांनी केली.

आता दुसरी बाजू पाहा. फिलिपिन्सचा मॅनी पॅकियाओ १९९८ साली फ्लायवेटचा जगज्जेता झाला. सप्टेंबर १९९९ मध्ये थायलंडमध्ये लढतीआधी काट्यावर वजन जास्त भरले आणि पट्टा तेथेच गेला. नंतर रिंगणात उतरला तो तिसऱ्याच फेरीत पोटावरच्या ठोशाने कोसळला. वय अवघे वीस. हाडापेराने वाढणारा मुलगा जुन्या चौकटीत कोंबला जात होता. त्याने गट बदलला, १२२ पौंडांत गेला आणि २००१ मध्ये पुन्हा जगज्जेता झाला. पुढे एकंदर आठ गटांत जिंकला. जपानच्या नाओया इनोउएने एप्रिल २०१४ मध्ये ४९ किलो गटाचा पट्टा जिंकला, पण वजन उतरवल्यामुळे त्या लढतीत त्याच्या पायात गोळे आले. त्याच वर्षी तो ११५ पौंडांत गेला आणि डिसेंबरमध्ये ओमार नार्वाएससारख्या मुरलेल्या जगज्जेत्याला त्याने दुसऱ्या फेरीत संपवले.

आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला कुस्तीच्या फ्लायवेट गटात सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला ते त्यावरच्या ५७ किलोंच्या बँटमवेट गटात लढले आणि कांस्यपदक घेऊन आले. वजनगट बदलला म्हणूनच पदक मिळाले, असे मी म्हणणार नाही; त्यामागे त्यांची मेहनत होती. परंतु वरच्या गटात गेले म्हणजे संपले, ही आपल्याकडची समजूत किती पोकळ आहे ते यावरून दिसते.

ही समजूत आपल्या तालमींत आणि शाळांत घट्ट रुजलेली आहे. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस वजन उतरवताना महाविद्यालयीन कुस्तीगीर तीन तरुण महिनाभरात दगावले, तेव्हा तेथे रबरी पोशाख, वाफेची खोली आणि लघवीच्या गोळ्या यांवर बंदी आली. मुलाच्या शरीरात पुरेसे पाणी आहे की नाही हे लघवी तपासून ठरवले जाऊ लागले व त्यावरून त्याचा गट ठरू लागला. ही तपासणी अवघड नाही, महागही नाही. जिल्हा पातळीवर ती का होऊ नये, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही.

वाढीच्या वयातल्या मुलाला उपाशी ठेवणे म्हणजे त्याच्या हाडांतून चोरी करणे होय. मुलींच्या बाबतीत पाळी थांबते आणि ती गोष्ट त्या कोणाला सांगत नाहीत. आईने विचारले पाहिजे. मुलाचे सकाळचे, नीट खाल्ल्या-प्याल्यानंतरच्या दिवसांतले वजन आठ-दहा दिवस लिहून ठेवावे. जो आकडा येतो, तोच त्याचा गट. वजन झाल्यावर मीठ-साखरेचे पाणी घोट घोट द्यावे, एकदम तांब्याभर नव्हे, आणि वडापाव तर नव्हेच.

स्पर्धांच्या मोसमात दवाखान्यात एखादा तरी असा मुलगा येतो. ओठ कोरडे, डोळे खोल गेलेले. त्यांपैकी एकाचे वडील मला म्हणाले, “डॉक्टरसाहेब, दीडच किलोचा प्रश्न आहे. लघवीची एक गोळी लिहून द्या.” ही गोळी खेळाडूंना बंदी असलेल्या औषधांत मोडते, तिने पोटॅशियम वाहून जाते, हे मी सांगितले. त्यांना ते पटले नाही. गोळी मी दिली नाही. मुलगा वरच्या गटात उतरला आणि पहिल्याच कुस्तीत हरला. वडिलांनी नंतर डॉक्टर बदलला. मुलगा मात्र वर्षभराने खोकल्यासाठी एकटाच आला होता. उंची चांगली तीन बोटे वाढली होती.