ग्रामधर्माची ओळख : पुरुषोत्तमनगरच्या निमित्ताने

स्थानांगसूत्राच्या दहाव्या स्थानात धर्माचे दहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत पहिले नाव ग्रामधर्माचे, दुसरे नगरधर्माचे आणि तिसरे राष्ट्रधर्माचे आहे. श्रुतधर्म व चारित्रधर्म पुढे येतात. आचार्य श्री जवाहरलालजी महाराजांनी आपल्या प्रवचनांतून या दहाही धर्मांचे सविस्तर विवेचन केले आहे. मोक्षमार्गाचा उपदेश करणाऱ्या आगमात गावाच्या व्यवस्थेला स्थान का मिळाले, याचे उत्तर कठीण नाही. ज्या गावात रात्री निर्धास्तपणे बाहेर पडता येत नाही, तेथे सामायिक, प्रतिक्रमण आणि साधुसेवा हेही निर्विघ्न होत नाही. गावाची सुव्यवस्था ही व्रताची भूमी आहे. मात्र आपल्या व्यापारी कुटुंबांत मंदिर, स्थानक आणि पेढी यांची जेवढी काळजी वाहिली जाते, तेवढी ग्रामधर्माची वाहिली जात नाही, हे मान्य करावे लागते.

नंदुरबार जिल्ह्यातील पुरुषोत्तमनगर हे या विचारासाठी उत्तम उदाहरण आहे. शहादा तालुक्यातील ही वसाहत पी. के. अण्णा पाटील यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या श्री सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याच्या आधाराने वाढली. जनगणनेत तिची नोंद ‘जनगणना नगर’ अशी होते. किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसांची घनता आणि शेतीबाहेरच्या कामांत गुंतलेले किमान ७५ टक्के पुरुष कामकरी, या तीन कसोट्यांवर उतरणाऱ्या वस्तीला हे नाव मिळते. २००१ साली देशात अशी १,३६२ नगरे होती. २०११ मध्ये त्यांची संख्या सुमारे ३,९०० झाली. म्हणजे हा प्रश्न एका वसाहतीपुरता नाही.

‘नगर’ ही पदवी जनगणनेच्या तक्त्यापुरतीच असते. तिच्यामुळे नगरपरिषद येत नाही, मुख्याधिकारी येत नाही, स्वतंत्र अग्निशमन दलही येत नाही. लोकांचे राहणे शहरासारखे होते आणि कारभार ग्रामपंचायतीच्या चौकटीत चालतो. आग लागली तर बंब बहुधा शेजारच्या नगरपरिषदेकडून मागवावा लागतो. तो पोहोचेपर्यंतचा वेळ गावाला स्वतःच्या बळावर काढावा लागतो. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने गावातील दिवाबत्ती व राखण हे विषय पंचायतीच्या कामांत घातले आहेत. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटलाचे पद निश्चित केले आहे. साधने कायद्यात आहेत, पण मागणी झाल्याखेरीज ती हलत नाहीत.

साखर कारखान्याच्या परिसरात सुरक्षेचा सर्वांत मोठा प्रश्न गळीत हंगामात उभा राहतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बॉयलर पेटतो आणि पुढचे चार-पाच महिने रात्रंदिवस उसाची वाहतूक चालते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीबाहेर लोंबणारी मोळी, मागे दिवा नाही, परावर्तक पट्टी धुळीने माखलेली. बैलगाडीला तर तेही नाही. चाक निखळले की गाडी रस्त्यातच उभी राहते आणि तिच्याभोवती दोन दगड ठेवले की इशारा पुरा झाला, असे मानले जाते. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. अडथळा ओळखून ब्रेकवर पाय ठेवायला दोन सेकंद लागले, तर वेग कमी होण्यापूर्वीच ३४ मीटर संपलेले असतात. प्रकाश परत फेकणारी एक पट्टी हेच अंतर वाचवते.

याच हंगामाशी जैन समाजाचा आणखी एक संबंध आहे. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि साधु-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो. ती पौर्णिमा बहुधा नोव्हेंबरमध्ये येते. म्हणजे उसाच्या गाड्या आणि विहार करणारे पाय एकाच सुमारास रस्त्यावर उतरतात. गुजरात आणि खानदेश यांना जोडणारा अंकलेश्वर–बऱ्हाणपूर मार्ग शहाद्यातून जातो. थंडीतील सकाळी धुके असते आणि वाहनचालक रात्रभराच्या जागरणाने थकलेला असतो. देशाच्या निरनिराळ्या भागांत विहारात वाहनाची धडक बसून साधु-साध्वी कालधर्म पावल्याच्या वार्ता समाजाने वारंवार ऐकल्या आहेत. प्रत्येक वेळी गुणानुवाद सभा होते. रस्त्याची चर्चा मात्र तेथे क्वचितच होते.

ईर्यासमिती म्हणजे पुढची भूमी नीट पाहून, जीव वाचवत चालणे. हे व्रत साधूचे आहे. पण ज्याच्या सेवेसाठी श्रावक उभा आहे, त्याच्या वाटेवर उजेड असावा, ही श्रावकाची यतना आहे. आणि ती केवळ मुनींपुरती राहू शकत नाही. त्याच रस्त्याच्या कडेला ऊसतोड कामगाराची झोपडी असते. कोयता चालवून परतणारी जोडपी आणि त्यांची मुले त्याच अंधारात चालतात. अहिंसेला प्रवासी निवडता येत नाही. जी पट्टी महाराजसाहेबांना वाचवेल, तीच गाडीवानाला आणि त्याच्या बैलांना वाचवेल.

विहारसेवेची मंडळे अनेक शहरांत उत्तम काम करतात. चमकणारी जाकिटे घातलेले श्रावक विहारात पुढे-मागे चालतात. पण सेवक बरोबर चालला म्हणून रस्ता बदलत नाही. रस्ता बदलतो तो ग्रामसभेत. ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. शंभर माणसे जमली की गाव बोलू शकते. दुकानाची वेळ असल्याने व्यापारी कुटुंबे तेथे सहसा दिसत नाहीत आणि नंतर दिवे नाहीत म्हणून तक्रार करतात. ग्रामसभेपूर्वी स्वतंत्र महिला सभा घेण्याचीही तरतूद आहे. विहारात साध्वीजींच्या सोबत चालणाऱ्या श्राविकांइतके अंधाऱ्या वळणांचे ज्ञान कोणाला असणार? त्यांचे म्हणणे तेथे नोंदले गेले पाहिजे.

पैशाचा प्रश्नही दिसतो तेवढा अवघड नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील मूळ अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बांधलेली आणि ४० टक्के गावाच्या इतर गरजांसाठी मोकळी होती. आयोग बदलतात, प्रमाणे बदलतात. पण गावाचा वार्षिक आराखडा ग्रामसभेसमोरच येतो. कोणत्या वळणावर दिवा हवा, हे त्या आराखड्यात लिहिले गेले नाही, तर अनुदान येऊनही वळण अंधारात राहते. कारखान्याकडे मागणी वेगळी करता येते : परावर्तक पट्टी नसलेल्या वाहनाला काट्यावर घेऊ नये. वाहन काट्यावर येतेच, म्हणून अंमलबजावणीची ही सर्वांत सोपी जागा आहे. समाजाने पट्ट्यांचा खर्च उचलला, तर तो दानाचा अत्यंत थेट उपयोग ठरेल.

पोलीस ठाण्याच्या संमतीने ग्रामरक्षक दलात तरुणांची नावे देणे, तातडीच्या मदतीचा ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक दुकानाच्या दर्शनी भागात लिहिणे, दुकानाबाहेरचा एक दिवा सकाळपर्यंत चालू ठेवणे, ही कामे कोणत्याही ठरावाची वाट पाहत नाहीत.

राज्यात २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरवण्याची रीत आहे. तिच्यानंतर काही आठवड्यांतच गळीत हंगाम सुरू होतो आणि कार्तिकी पौर्णिमा येते. संघाच्या पदाधिकाऱ्यांनी अंधाऱ्या जागांची यादी आणि सह्यांचा अर्ज त्या सभेत द्यावा व त्याची पोच घ्यावी. चातुर्मासात मुनींच्या प्रवचनाला जेवढी उपस्थिती असते, तिच्यातील थोडे श्रोते त्या दिवशी ग्रामसभेत बसले, तरी पुढच्या विहाराची वाट उजळू लागेल.