नेत्रपरिभाषेंतील अंधार

शास्त्रीय शिक्षण मातृभाषेंतून द्यावें कीं नाहीं, हा वाद आतां जुना झाला. त्यांत पुन्हां शिरण्याचा आमचा मानस नाहीं. आमचें म्हणणें त्याहून लहान आहे, आणि लहान म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष झालें आहे. डोळ्याच्या निरनिराळ्या भागांचीं व रोगांचीं मराठी नांवें कितपत निश्चित आहेत, आणि त्यांच्या अनिश्चितपणामुळें नुकसान कोणाचें होतें, एवढाच प्रश्न आम्ही येथें घेतों.

इंग्रजी शिकलेल्या आमच्या मंडळींचा एक दृढ समज आहे. कॉर्निया, आयरिस, प्यूपिल, लेन्स, रेटिना हे जणूं शास्त्राचे मंत्र; त्यांच्या जागीं मराठी शब्द घातला कीं शास्त्र बाटलें! पण हे मंत्र आले कोठून? कॉर्निया हें नांव शिंगावरून पडलें, रेटिना जाळ्यावरून. आयरिस म्हणजे ग्रीकांचें इंद्रधनुष्य, आणि लेन्स म्हणजे लॅटिनांत चक्क मसूर! प्यूपिल ज्यावरून निघाला तो लॅटिन शब्द लहान मुलीचा व बाहुलीचा वाचक आहे, कारण दुसऱ्याच्या डोळ्यांत पाहिलें असतां आपलेंच चिमुकलें प्रतिबिंब दिसतें. आमच्या घरोघरच्या आज्याही त्या जागेस बाहुलीच म्हणत आल्या. शेतांतून व स्वयंपाकघरांतून उचललेला शब्द लॅटिनांत शास्त्रीय ठरावा आणि मराठींत गांवढळ, हा न्याय कोणता?

तथापि मराठीचे कैवारीही निर्दोष नाहींत. डोळ्याच्या पुढील पारदर्शक पटलास कोणी स्वच्छमंडल म्हणतो, कोणी पारपटल. मागील ज्या पडद्यावर प्रतिमा उमटते त्यास कोठें दृष्टिपटल, कोठें जालपटल. विद्यार्थ्यानें डोळा शिकावा कीं समासविग्रह? एका वस्तूस अनेक नांवें असणें हें काव्याचें भूषण असेल. शास्त्राचें तें दूषण आहे. आणि एका नांवाखालीं दोन वस्तु असणें हा तर प्रत्यक्ष अपघात होय.

बुबुळ हाच शब्द घ्या. दहावीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत बुबुळ म्हणजे पारपटलामागील गडद पडदा, व बाहुली म्हणजे त्याच्या मध्यभागींचें छिद्र. उजेड वाढला कीं हें छिद्र लहान होतें, अंधारांत मोठें होतें. व्याख्या स्वच्छ आहे. परंतु तोच विद्यार्थी वर्तमानपत्र उघडतो, तों त्यांत ‘बुबुळाचें प्रत्यारोपण’! वास्तविक १९०५ सालीं एडुआर्ड झिर्म यानें जें रोपण यशस्वी केलें, आणि आज नेत्रदानानंतर जें होतें, तें पारपटलाचें. बुबुळाचा त्याशीं संबंध नाहीं. घरांत मृत्यु झालेला असतां, त्या दुःखाच्या घटकेस, ‘बुबुळ काढणार’ हे शब्द आप्तांच्या कानीं पडले, तर डोळ्याचा काळा भाग कोरून चेहरा विद्रूप करणार असें त्यांस वाटल्यास नवल काय? चेहरा विद्रूप होत नाहीं; पण हें समजावून सांगण्यापूर्वींच शब्दानें आपलें काम केलेलें असतें. अशा भयानें नकार मिळाला, तर पारपटल पांढरें पडलेला कोणी एक मनुष्य अंधारांतच राहतो.

काचबिंदूची कथा याहून शोचनीय आहे. प्राचीन आयुर्वेदांत तिमिर, काच व लिंगनाश या दृष्टिरोगाच्या चढत्या पायऱ्या होत्या. आज मात्र काचबिंदु हें नांव एका निराळ्याच रोगास चिकटलें आहे. मोतीबिंदूंत डोळ्याचें भिंग गढूळ होतें. तें काढून कृत्रिम भिंग बसविलें कीं बहुधा दृष्टि परत येते. काचबिंदूंत बिघडतो तो डोळ्याकडून मेंदूकडे जाणारा मज्जातंतु. डोळ्यांत सतत पाझरणाऱ्या द्रवाचा निचरा तुंबतो, आंतील दाब बहुधा वाढतो, आणि तंतु हळूहळू मरतो. नेहमींच्या प्रकारांत वेदना नसते. कडेची दृष्टि आधीं जाते, आणि गेलेली परत येत नाहीं. असे हे दोन रोग, पण दोघांचेंही आडनांव ‘बिंदु’! मग रोगी दोघांस सख्खे भाऊ समजतो, आणि ‘पिकल्यावर काढूं’ म्हणून स्वस्थ बसतो. पिकावयाचें कांहींच नसतें. वाट पाहतां पाहतां डोळा मात्र जातो.

कोणी म्हणतील, इंग्रजी नांवें तरी कोठें निर्दोष आहेत? कॅटरॅक्ट म्हणजे धबधबा. डोळ्यांत वरून पाणी उतरतें या जुन्या भ्रमाची ती खूण. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, आणि आमचा मुद्दा त्यानेंच सिद्ध होतो. नांवाची व्युत्पत्ति चुकीची असली तरी चालतें. त्याचा अर्थ डळमळीत असून चालत नाहीं. कॅटरॅक्ट हा शब्द आज कोणताही डॉक्टर डोळ्याच्या दुसऱ्या रोगास लावीत नाहीं.

तेव्हां नवे शब्द घडविण्याची हौस आतां पुरे. पापणी, खोबण, बाहुली, भिंग हे घरचे शब्द नेमके आहेत. ते जसेच्या तसे ठेवावे. बुबुळ त्या गडद पडद्यापुरतेंच राखावें. जेथें घरचा शब्द नाहीं तेथें पारपटल, दृष्टिपटल असा एकेकच घ्यावा. तो जड वाटल्यास खुशाल कॉर्निया लिहावें, पण बुबुळ लिहूं नये. काचबिंदु हें रूढ नांव उपटून निघणार नाहीं. म्हणून त्याविषयीं लिहितांना, तो मोतीबिंदूचा भाऊ नव्हे व त्याची वाट पाहावयाची नसते, हें पहिल्याच वाक्यांत सांगावें. आणि शाळेच्या पुस्तकांत जो शब्द, तोच वर्तमानपत्रांत, तोच रुग्णालयाच्या फलकावर असावा. यास पैसा लागत नाहीं, कायदाही लागत नाहीं. लिहिणाऱ्यांनीं लेखणी उचलण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, एवढेंच लागतें. तेवढेंही आमच्यानें होत नसेल, तर मराठीच्या दारिद्र्याविषयीं गळा काढण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.