घरखर्चाची वही : जुन्या सायकलीची नवी बॅटरी



गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपल्यावर दोन-तीन मुलांनी मला बाजूला घेतले. "काका, बॅटरीची सायकल मिळतेय, जुनी. जाड टायरची, गिअरवाली, डोंगरात चालवतात तसली. घेऊ का?" मी त्यांना माझ्या भाचीची हकीकत सांगितली. तीच आज वहीत उतरवतो. हा प्रश्न आता बऱ्याच घरांत येतो आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर सुखवस्तू लोकांनी हौसेने अशा सायकली घेतल्या, चार दिवस फिरवल्या आणि पार्किंगमध्ये लावून ठेवल्या. आता त्या पडत्या भावात निघत आहेत.

भाची नाशिकरोडला राहते आणि अंबडच्या एमआयडीसीत कंत्राटावर काम करते. जाऊन-येऊन वीस-बावीस किलोमीटर पडतात. पहिल्या पाळीला वेळेवर बस मिळत नाही, दोन ठिकाणी शेअर रिक्षा बदलावी लागते आणि रोजचे साठ रुपये जातात. मेहुणे कालकथित झाल्यापासून घर तिच्याच पगारावर आहे, त्यामुळे स्कूटरच्या हप्त्याचे नाव काढायची सोय नव्हती. कॉलेज रोडच्या एका सोसायटीत अशी सायकल नऊ हजारांत आहे असे कळले, तेव्हा ती मला सोबत घेऊन गेली. मामा बी.कॉम., हिशेबातले कळते, ही तिची समजूत!

सायकल दिसायला झकास होती. पुढच्या चिमट्यात स्प्रिंगा, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, मागच्या चाकात मोटर. हँडलवरच्या डब्यात बॅटरीच्या पाचही रेघा भरलेल्या. मी म्हणालो, "बॅटरी फुल आहे, घेऊन टाक." चूक माझीच. चौथ्या दिवशी पहाटे वाटेतल्या चढावर पाचाच्या दोन रेघा झाल्या आणि मग डबा काळाच पडला. पंचवीस किलोची सायकल अंधारात ढकलत ती कंपनीच्या गेटवर पोहोचली. अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला. मला एका शब्दाने बोलली नाही, त्याचेच जास्त लागले.

तेव्हा पहिली गोष्ट अशी : जुन्या बॅटरी-सायकलीत तुम्ही मुख्यतः बॅटरी विकत घेत असता, बाकी लोखंड आणि रबर. डब्यावरच्या रेघा फक्त त्या क्षणाचा दाब दाखवतात, आत दम किती उरला आहे ते दाखवत नाहीत. बहुतेक अशा सायकलींची बॅटरी ३६ व्होल्टची असते. तिच्यात लिथियमचे सेल दहाच्या ओळीने जोडलेले असतात. पूर्ण भरल्यावर मीटर साधारण ४२ व्होल्ट दाखवतो. वायरमनकडचा साधा मल्टिमीटर चालतो. पण ४२ आले म्हणून खूश होऊ नका, आम्हालाही आले असते. खरी परीक्षा चढावर, माणूस बसलेला असताना होते. विकणाऱ्याला सांगावे की भरून ठेवा, मी दहा किलोमीटर चालवून पाहणार. नाही म्हणाला तर उत्तर मिळाले.

बॅटरीचे माप काढणे सोपे आहे. व्होल्टला अँपिअर-तासाने गुणावे. ३६ गुणिले १० म्हणजे ३६० वॅट-तास. पायडल न मारता नुसती मोटर चालवली तर किलोमीटरला ढोबळमानाने बारा-पंधरा वॅट-तास जातात, पायडल मारत गेलात तर बरेच कमी. म्हणजे नवी असताना पंचवीस-तीस किलोमीटर तर सहज. भाचीच्या सायकलीने अकरा दिले. वर्ष-दीड वर्ष ती रिकाम्या अवस्थेत उभी होती आणि लिथियमच्या सेलला रिकामे पडून राहणे फार बाधते.

एका कारागिराने "जागी करून देतो, सातशे रुपये" असे सांगितले. आतली संरक्षक पट्टी टाळून थेट करंट द्यायचा, हा त्याचा उपाय. वाचकहो, हे कदापि करू नका. फार खाली उतरलेल्या सेलमध्ये आतल्या आत बिघाड झालेला असतो. तो जबरीने भरला तर पुढे कधीतरी आतच शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतो. आपली घरे एका खोलीची, दार एकच. म्हणूनच बॅटरी दारापाशी, गादीवर किंवा सगळे झोपल्यावर भरायची नाही. चार्जर तिचाच वापरावा. उन्हातून आल्या आल्या लावू नये, अर्धा तास निवू द्यावी.

आम्ही त्याच व्होल्टची नवी बॅटरी घेतली, पक्के बिल आणि लेखी वॉरंटीसह, साडेबारा हजारांना. बचत गटाने कर्ज दिले. जुनी भंगारात टाकली नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेली बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून ती दुकानदारालाच घ्यायला लावली. कुरकुर केली, पण घेतली.

येथे भाचा मध्ये पडला. त्याने मोबाइलवर पाहून ठेवले होते : ४८ व्होल्टची बॅटरी, हजार वॅटची मोटर, सायकल पन्नासने पळते. "ताई, एवढे पैसे घालतेच आहेस तर हे कर. आणि सायकल मला दे, तू रिक्षाने जा." मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. ३६ च्या कंट्रोलरला ४८ व्होल्ट दिले तर तो जळू शकतो. आणि कायद्याने मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तोवरच ती सायकल. त्याला नोंदणी नको, लायसन्स नको. ती हद्द ओलांडली की ते मोटार वाहन झाले. मग नंबर नाही, विमा नाही, अशा गाडीखाली कोणी आले तर भरपाई घर विकून द्यावी लागेल.

दुसऱ्या मागणीचे उत्तर त्याच्या आईने द्यायला हवे होते. अक्का गप्प राहिली. बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्याच्या कारणांत हिंदू कोड बिल होते, हे आपण दर जयंतीला माईकवरून सांगतो आणि घरात वाहन आले की चावी मुलाच्या हातात देतो. भाचीनेच चावी पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, "रविवारी घेऊन जा, पण पेट्रोलसारखी बॅटरी भरून ठेवायची." त्यावर मिटले.

सुधारणा केल्या त्या अशा. आधी ब्रेक. मागे वाचले होते की या डोंगरी सायकलींचा उगम अमेरिकेत कॅलिफोर्नियात झाला. तिथल्या तरुणांनी भंगारातल्या जुन्या जड सायकली दुरुस्त करून १९७६ पासून डोंगरउतारावर शर्यती लावल्या. ब्रेक इतके तापत की आतले ग्रीस जळून जाई आणि दर फेरीनंतर नवे भरावे लागे. त्यावरून त्या उताराचे नावच 'रिपॅक' पडले. मोटरच्या सायकलीलाही वजन जास्त, म्हणून पॅड आणि केबल नव्या घातल्या : ६५० रुपये. ब्रेक दाबताच मोटर बंद पडते ना, हे चाक उचलून पाहिले. दाते असलेला मागचा टायर काढून डांबरी रस्त्याचा सपाट टायर बसवला, ट्यूबसह ११५० (खाचांचा टायर विनाकारण बॅटरी खातो). चेन आणि फ्रीव्हील १२५०. अशा सायकलीला कॅरियर, मडगार्ड, स्टँड काहीच नव्हते, ते ९००. दिवा, बेल आणि चमकणाऱ्या पट्ट्या ४५०. एकूण ४,४००. सायकल आणि बॅटरी धरून २५,९००.

आता वही. रिक्षाचे साठ गुणिले सव्वीस दिवस म्हणजे १,५६०. युनिटला दहा रुपये धरले तरी एक वेळ भरायला चार रुपये, महिन्याला १०४. वाचले १,४५६. अठरा महिन्यांत पैसे वसूल, असे मी आनंदाने लिहिले. मग आठवले की ही बॅटरीही म्हातारी होणार. तिच्यासाठी महिना तीनशे बाजूला काढले तर वसुली बावीस-तेवीस महिन्यांवर जाते. खरा आकडा हा. विकणारा तो सांगणार नाही.

एक महत्त्वाचे राहिले. नंबरप्लेट नाही म्हणजे मालकीचा कागद नाही. वस्तीतल्या पोराकडे अशी सायकल दिसली की "कोणाची उचललीस?" हा पहिला प्रश्न येतो. त्यामुळे मूळ बिल मागा. नसेल तर साध्या कागदावर पावती करा : विकणाऱ्याचे नाव, पत्ता, सही, तारीख, रक्कम आणि पायडलच्या दांड्याखाली फ्रेमवर ठोकलेला नंबर. भाचीला महिन्याभरापूर्वी नाक्यावर थांबवले होते. तिने पावती दाखवली, हवालदाराने उलटून नंबर जुळवला आणि सोडले. पाळीला ती सात मिनिटे आधी पोहोचली.