पहिल्या यानाची थोरवी

संगणकावरील अंतराळ-उड्डाणाच्या खेळांत एक रूढी इतकी मुरलेली आहे की, तिच्याविषयी सहसा कोणी प्रश्न विचारीत नाही. खेळाडूच्या हाती प्रारंभी एक लहानसे, जुजबी सामग्रीचे यान दिले जाते. त्याने माल वाहावा, चाच्यांशी झुंजावे, पैसा गाठीला बांधावा आणि शक्य तितक्या लवकर त्या यानाचा त्याग करून मोठे यान घ्यावे, अशी अपेक्षा असते. मोठे मिळाले की त्याहून मोठे. पहिले यान म्हणजे जणू धर्मशाळा. रात्र काढायची आणि पहाटे निघायचे. तथापि या खेळांच्या जगात वर्षानुवर्षे एक वर्ग असाही आढळतो, ज्याच्या खात्यावर महाकाय यानाची किंमत जमा आहे आणि तरीही जो पहिल्याच यानात बसणे पसंत करतो. विक्षिप्त, हौशी किंवा जुन्या आठवणींत रमलेली मंडळी अशी त्याची संभावना केली जाते. ती अन्यायाची आहे. या मंडळींच्या आवडीमागे भावनेपेक्षा विचार अधिक आहे, आणि तो विचार खेळाच्या कुंपणाबाहेरही मोलाचा आहे.

या प्रकारच्या खेळांचा इतिहास पाहिला तर मोठ्या यानाचा सोस हा त्यांचा मूळ स्वभाव नव्हे, हे ध्यानात येते. ब्रिटनमध्ये 1984 साली डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन तरुणांनी 'एलिट' हा खेळ बीबीसी मायक्रो या घरगुती संगणकासाठी रचला. त्या संगणकाची स्मृती अवघी 32 किलोबाइट. तेवढ्यात त्यांनी 8 आकाशगंगा आणि प्रत्येकीत 256 ग्रह बसविले. खेळाडूला मिळे 100 क्रेडिटची पुंजी आणि 'कोब्रा मार्क थ्री' हे एक यान. त्या मूळ खेळात दुसरे यान विकत घेण्याची सोयच नव्हती. मालाची जागा 20 टनांवरून 35 टनांपर्यंत वाढविता येई, चांगली शस्त्रे बसविता येत. पण यान तेच राही. फिरत्या अंतराळस्थानकाच्या चिंचोळ्या दारातून आपले यान त्याच गतीने फिरवीत आत नेणे ही त्यातील पहिली परीक्षा होती, आणि ती पैसे मोजून नव्हे, तर हात बसवून उत्तीर्ण व्हावी लागे. स्थानक आपोआप गाठून देणारे यंत्र पुढे विकत मिळे, हे खरे. पण ते परवडेपर्यंत खेळाडू उड्डाण शिकलेला असे. 'निरुपद्रवी' या पायरीपासून 'एलिट' या पदवीपर्यंतचा प्रवास हा चालकाचा होता, वाहनाचा नव्हता. यानांची बाजारपेठ या मालिकेत आली ती 1993 च्या 'फ्रंटियर'मध्ये. त्याच वर्षी निघालेल्या 'प्रायव्हेटिअर'मध्येही 'टार्सस' या साध्या यानापासून वर चढत जाण्याची शिडी होती. पुढे ही शिडीच खेळाचे दुसरे नाव होऊन बसली.

मोठेपणाचे मोल काय द्यावे लागते, हे पाहण्यासाठी 2014 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या 'एलिट डेंजरस'चे उदाहरण पुरेसे आहे. त्यात प्रारंभीचे 'साइडवाइंडर' 32,000 क्रेडिटचे, तर 'ॲनाकोंडा' हे विशाल यान सुमारे 14 कोटी 70 लाखांचे; म्हणजे साडेचार हजार पटींहून महाग. परंतु हे साडेचार हजार पट यान साडेचार हजार पट सुख देत नाही. त्याचे वळण मंद आहे. दूरवरच्या चौक्यांवर केवळ लहान आणि मध्यम यानांपुरते धक्के असतात. तेथे ते उतरूच शकत नाही. हटन ऑर्बिटल या अतिदूरच्या चौकीवर ॲनाकोंडा फुकट मिळते, अशी थट्टेची आवई खेळाडूंत प्रसिद्ध आहे. तिच्या नादाने नवखे खेळाडू तासाहून अधिक काळ सरळ रेषेत उडत राहतात. त्या चौकीवर ॲनाकोंडा मावेल असा धक्काच नाही, हा त्या थट्टेतील खरा चिमटा.

याहून महत्त्वाचा मुद्दा नुकसानीचा आहे. यान नष्ट झाल्यास त्याच्या किमतीच्या साधारणतः 5 टक्के रक्कम भरून ते परत घ्यावे लागते. ॲनाकोंडाच्या नुसत्या सांगाड्यापोटीच हा भुर्दंड 70 लाखांवर जातो. साइडवाइंडर मात्र विनामूल्य पुन्हा मिळते. परिणाम उघड आहे. मोठ्या यानाचा धनी युद्धात उतरण्यापूर्वी खाते तपासतो. अनोळखी तारकासमूहाकडे वळण्यापूर्वी दहा वेळा विचार करतो. जे यान त्याने स्वातंत्र्यासाठी घेतले, त्याचाच तो राखणदार होतो. उलट ज्याच्यापाशी गमावण्यासारखे काही नाही, तो धाडस करतो, चुकतो आणि चुकांतून शिकतो. या खेळातील आकाशगंगेचे केंद्र सुमारे 26,000 प्रकाशवर्षांवर आहे. तोकड्या झेपेच्या साइडवाइंडरमधून, वाटेतल्या ताऱ्यांपासून इंधन गोळा करीत, तेथवर गेलेले खेळाडू आहेत. मोठ्या यानातून तो प्रवास लवकर होतो, यात शंका नाही. पण लहान यानातून गेलेल्यालाच ते अंतर खऱ्या अर्थाने कळते.

एकट्याच्या खेळात हे ठीक आहे, परंतु हजारो माणसे जेथे एकत्र खेळतात तेथे लहान यानाला कोण विचारतो, असा आक्षेप घेतला जाईल. आइसलँडच्या सीसीपी या संस्थेने 2003 साली सुरू केलेल्या 'ईव्ह ऑनलाइन'चा अनुभव या आक्षेपाला उत्तर देतो. महाकाय यानाच्या प्रचंड तोफांना जवळून वेगाने घिरट्या घालणारे लहान यान नेमके टिपता येत नाही. शत्रूचे मोठे यान निसटू नये म्हणून त्याला जखडून ठेवण्याचे काम अशीच लहान याने करतात आणि ते नवखा खेळाडूही थोड्या दिवसांत शिकू शकतो. ताफ्याच्या विजयात त्याचा वाटा त्याच्या यानाच्या किमतीवर ठरत नाही. शिवाय सर्वस्व गमावलेला खेळाडू स्थानकावर परतला की त्याला प्रारंभीचे लहान यान फुकट मिळते. धनाढ्य आणि कफल्लक या दोघांच्याही पायांखालची शेवटची भूमी म्हणजे तेच यान होय.

याच खेळातील मोठेपणाचा कळस जानेवारी 2014 मध्ये झालेल्या बी-आर येथील संग्रामात पाहावयास मिळाला. एका प्रदेशाच्या ताब्याचा हप्ता भरावयाचा राहून गेला, एवढ्या निमित्ताने पेटलेल्या या संग्रामात साडेसात हजारांवर खेळाडू ओढले गेले आणि 'टायटन' वर्गाची 75 याने नष्ट झाली. त्या हानीचे मूल्य प्रत्यक्ष चलनात सुमारे 3 लाख डॉलर धरले गेले. जगभर गाजलेला हा संग्राम दिसावयास मात्र विलक्षण संथ होता. संगणकांवरील भार पेलावा म्हणून खेळाचा काळच दहा टक्के गतीवर आणावा लागला. सर्वांत मोठ्या यानांच्या तोवरच्या सर्वांत मोठ्या लढाईत एका मिनिटाच्या हालचालीला दहा मिनिटे लागावीत, यावर अधिक भाष्य करण्याची गरज नाही.

सागराचा अनुभवही याहून वेगळा नाही. ज्या भारतीय नौदलापाशी विमानवाहू नौका आहेत, त्याच नौदलाने 1997 साली 'तरंगिणी' ही शिडांची नौका प्रशिक्षणासाठी दाखल करून घेतली. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या प्रेरणेने पुढे गोव्यात 'म्हादेई' ही 56 फुटांची शिडाची नौका बांधली गेली आणि तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. नौदलाला मोठ्या जहाजांची वानवा होती म्हणून हे घडले नाही. वारा, लाट आणि स्वतःची चूक यांची ओळख लहान नौकेत जितकी जवळून होते तितकी अजस्र पोलादी जहाजाच्या डेकवर होत नाही, हे जाणत्यांना ठाऊक होते म्हणून घडले. लहान नौका ही शिकाऊ माणसाची तात्पुरती गैरसोय नसून नाविकाची कायमची शाळा आहे.

याचा अर्थ मोठी याने निरर्थक आहेत, असा नव्हे. शेकडो टन माल एका खेपेत न्यावयाचा असेल, चार मित्रांनी मिळून एकच यान चालवावयाचे असेल किंवा बलाढ्य शत्रूला अंगावर घ्यावयाचे असेल, तर तेथे लहान यानाचा हट्ट धरणे हा वेडेपणा ठरेल. पुढे काही मिळवावयाचे आहे, या आशेवाचून खेळात गोडी राहत नाही, हेही मान्य केले पाहिजे. दिवसभराच्या कष्टांनंतर दोन तास खेळणाऱ्या माणसाने एखाद्या भव्य यानाचे स्वप्न पाहिले, तर त्यात दोष तो कोणता? प्रश्न स्वप्नाचा नाही, स्वप्नाच्या सक्तीचा आहे. लहान आणि मोठे यान ही दोन भिन्न कामांची दोन साधने आहेत, असे मानणे वेगळे आणि लहान म्हणजे अपूर्ण, मोठे म्हणजे सिद्ध, असे मानणे वेगळे. पहिल्या दृष्टीत विविधता आहे. दुसरीत केवळ उतरंड आहे. उतरंडीच्या जगात कोणतेच यान कधी पुरेसे होत नाही, कारण वर नेहमीच आणखी एक मडके रचलेले असते.

या उतरंडीत हितसंबंधही गुंतलेले आहेत, हे विसरून चालणार नाही. क्रिस रॉबर्ट्स यांच्या 'स्टार सिटिझन' या प्रकल्पासाठी 2012 पासून लोकांकडून पैसा उभारण्यात येऊ लागला. 2022 मध्ये ही रक्कम 50 कोटी डॉलरच्या पलीकडे गेली. 2024 संपतानाही हा खेळ पूर्णावस्थेत आलेला नव्हता. मात्र त्यातील यानांची विक्री प्रत्यक्ष पैशांत चालू होती. लहान यानासह खेळात प्रवेश साधारण 45 डॉलरच्या आसपास मिळे. दुसऱ्या टोकाला 2018 मध्ये जवळजवळ सर्व यानांचा एक संच 27,000 डॉलरना विक्रीस ठेवण्यात आला आणि तो नुसता पाहण्यासाठीही आधी 1,000 डॉलर खर्च केलेले असणे आवश्यक होते. यांतील बहुतेक याने खेळात कष्ट करूनही मिळविता येतात, हे निर्मात्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. परंतु कष्टाची वाट जितकी लांब आणि कंटाळवाणी, तितके विक्रीचे दुकान अधिक आकर्षक, हे साधे व्यापारी गणित आहे. 2024 मध्ये 'एलिट डेंजरस'नेही सज्ज याने पैशांत विकण्यास प्रारंभ केला. एका यानावर आणि कौशल्यावर उभ्या राहिलेल्या परंपरेचा वारसा सांगणाऱ्या खेळाने हे करावे, हा काळाचा महिमा म्हणावा लागेल.

येथेच हा प्रश्न करमणुकीपुरता राहत नाही. जे मुलगे आणि मुली आज अशा खेळांत तासन्‌तास घालवितात, त्यांच्या मनावर खेळ काही संस्कार करीतच असतो. हातातील वस्तूचा पूर्ण उपयोग करण्यापूर्वीच ती जुनी झाली असे समजावे, असमाधान हीच प्रगती मानावी, आणि स्वतःच्या कौशल्यातील उणीव नव्या खरेदीने भरून काढावी, हा तो संस्कार. बाहेरच्या बाजारपेठेला असाच ग्राहक हवा असतो. चालू स्थितीतील दूरध्वनी टाकून नवा घेणारा आणि धड न शिकता आलेले यान टाकून मोठे घेणारा, यांच्यात फार अंतर नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे सांगणाऱ्या समाजातही आता अंथरुणाचे माप दुकानदार ठरवू लागले आहेत. लहान यानाला चिकटून राहणारा खेळाडू जाणता-अजाणता या प्रवाहाला नकार देतो.

निर्मात्यांना यातून मार्ग काढता येत नाही, असे नाही. 2016 साली आलेल्या 'नो मॅन्स स्काय'मध्ये खेळाडूला प्रारंभी एक नादुरुस्त यान सापडते. परक्या ग्रहावर धातू आणि खनिजे गोळा करून ते त्याला दुरुस्त करावे लागते. स्वतःच्या हाताने उभे केलेले हे यान पुढे टाकून देणे अनेकांच्या जिवावर येई. नोव्हेंबर 2019 च्या सुधारणेत निर्मात्यांनी आहे त्याच यानाची क्षमता आणि दर्जा वाढविण्याची मुभा दिली. वाढ हवी, पण त्यासाठी जुन्याचा त्याग अपरिहार्य नको, हे तत्त्व या लहानशा बदलात होते. इतरांनीही त्याचे अनुकरण करावयास हवे. लहान यानालाच साधतील अशी कामे, त्यालाच उतरता येईल असे धक्के आणि त्याच्या चालकाच्या कसबाला मानाचे स्थान असेल, तर खेळाची श्रीमंती कमी होणार नाही, उलट वाढेल.

खेळाडूंच्या बाजूनेही थोडा विवेक हवा. मोठे यान घेण्यापूर्वी पहिल्या यानाने जे जे करता येते ते आपण केले काय, एवढा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारला तरी पुरे. उत्तर होकारार्थी आले, तर मोठे यान जरूर घ्यावे. त्यावर बसण्याची योग्यता तोवर आलेली असेल. नकारार्थी आले, तर घाई करण्याचे कारण नाही. बडा घर पोकळ वासा ही म्हण अंतराळातील घरांनाही लागू पडते. अथांग पोकळीत अखेर चालकाच्या उपयोगी पडते ते यानाचे आकारमान नव्हे, तर त्या यानावरील त्याचा हात. तो हात बसतो पहिल्याच यानात, आणि ज्यांना याचे विस्मरण होत नाही त्यांना मागासलेले म्हणण्याचा अधिकार मोठ्या यानांच्या धन्यांना नाही.