विश्लेषण : स्विस घड्याळांवरील आयात शुल्क घटतेय… पण पहिले ‘ड्रेस वॉच’ घेताना नेमके काय पाहावे?

स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन या चार देशांच्या ‘ईएफटीए’ गटाशी भारताने केलेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. स्विस घड्याळांवरील २० टक्के मूळ सीमाशुल्क त्यानुसार सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर येणार आहे. ‘आता स्विस घड्याळे स्वस्त’ अशी चर्चा तेव्हापासून सुरू आहे. नोकरीत स्थिरावलेले, पहिल्या मोठ्या बोनसमधून एखादे ‘खरे’ घड्याळ घ्यावे असे वाटणारे पंचविशी-तिशीतील तरुण शोरूममध्ये डोकावू लागले आहेत. मात्र शुल्ककपातीच्या आधारे अशी खरेदी करणे कितपत शहाणपणाचे?

करारामुळे घड्याळ किती स्वस्त होणार?

शुल्क शोरूममधील किमतीवर नव्हे, तर आयातीच्या वेळच्या मूल्यावर लागते. वितरक आणि विक्रेत्याचा नफा, दुकानाचे भाडे, जाहिरात हे सारे त्यानंतर चढते. शिवाय कपात एकदम नाही. सगळ्यात मोठी गोम मात्र चलनात आहे. करारावर १० मार्च २०२४ रोजी स्वाक्षऱ्या झाल्या तेव्हा एक स्विस फ्रँक साधारण ९४ रुपयांना होता. करार प्रत्यक्ष लागू झाला तेव्हा तो १११ रुपयांच्या आसपास पोहोचला होता.

हिशेब करून पाहू. समजा एका घड्याळाचे आयातमूल्य ३,००० फ्रँक आहे. स्वाक्षऱ्यांच्या दिवशीच्या दराने ते २ लाख ८२ हजार रुपये होते. त्यावर २० टक्के शुल्क धरले की ३ लाख ३८ हजार ४००. आता नव्या दराने तेच घड्याळ शून्य शुल्काने आणले असे मानले, तरी ३ लाख ३३ हजार रुपये होतात. म्हणजे सात वर्षांनंतर मिळायचा पूर्ण लाभ रुपयाच्या घसरणीने दीड वर्षातच जवळपास गिळला. यावर १८ टक्के जीएसटी आहेच. दहा लाखांहून अधिक किमतीच्या मनगटी घड्याळावर २२ एप्रिल २०२५ पासून एक टक्का टीसीएसही वसूल केला जातो. तो प्राप्तिकरातून वळता करून घेता येतो, पण त्या निमित्ताने खरेदीची नोंद प्राप्तिकर खात्याकडे जाते हेही खरे. तेव्हा ‘शुल्क घटतेय, लगेच घ्या’ किंवा ‘थांबा, अजून उतरेल’ या दोन्ही सल्ल्यांना फारसा अर्थ नाही.

‘ड्रेस वॉच’ म्हणजे काय?

शर्टाच्या कफखाली सहज सरकेल असे पातळ, साधे, बहुधा चामड्याच्या पट्ट्याचे घड्याळ. दोन किंवा तीन काटे, फार तर तारीख. पोहण्याच्या घड्याळांसारखी जाड कडी नाही, की अंधारात चमकणारे मोठे आकडे नाहीत. पाटेक फिलिपने १९३२ मध्ये आणलेले गोल ‘कॅलाट्राव्हा’ हा या प्रकाराचा नमुना मानला जातो. जॅपनीज ‘सेको’ने डिसेंबर १९६९ मध्ये ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे सेलवर चालणारे क्वार्ट्झ घड्याळ बाजारात आणले आणि अचूक वेळेसाठी किल्लीचे घड्याळ घेण्याचे कारणच संपले. साधे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला पंधराएक सेकंद चुकते. उत्तम मेकॅनिकल घड्याळ तेवढे तीन-चार दिवसांतही चुकू शकते. त्यामुळे लाखो रुपये वेळेसाठी मोजले जात नाहीत. ते कशासाठी मोजतो याचे उत्तर खरेदीआधी स्वतःशी स्पष्ट हवे.

‘रिव्हर्सो’चेच उदाहरण का?

कारण त्याचा जन्म भारताशी जोडलेला आहे. ब्रिटिश लष्करी अधिकारी येथे पोलो खेळत आणि त्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत. ही तक्रार स्विस व्यापारी सेझार द त्रे यांच्या कानावर आली. त्यांनी ती झाक-दाव्हिद लकूल्त्र यांच्याकडे नेली. अभियंते रेने-आल्फ्रेड शोव्हो यांनी तबकडी आतल्या बाजूला उलटी फिरवता येईल अशी केस आखली आणि ४ मार्च १९३१ रोजी पॅरिसमध्ये पेटंटसाठी अर्ज केला. क्वार्ट्झच्या लाटेत हे घड्याळ जवळपास संपले होते. १९७२ मध्ये कंपनीकडे पडून असलेल्या सुमारे २०० रिकाम्या केस इटालियन वितरक जॉर्जो कोर्व्हो यांनी उचलल्या, त्यांत यंत्रे बसवून विकल्या आणि रिव्हर्सो पुन्हा उभे राहिले. आज ‘जेजर-लकूल्त्र’चे स्टीलमधील ‘रिव्हर्सो ट्रिब्यूट स्मॉल सेकंड्स’ भारतात दहा लाखांच्या घरात जाते. पहिल्या गंभीर ड्रेस वॉचच्या यादीत ते हमखास असते.

मूल्यमापनात आधी काय?

आधी मनगट. जाहिरातीत फक्त व्यास सांगतात. प्रत्यक्षात पट्टा जोडण्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी महत्त्वाची असते. रिव्हर्सो ट्रिब्यूट ४५.६ मिलिमीटर लांब, २७.४ रुंद आणि साधारण साडेआठ मिलिमीटर जाड आहे. ४५.६ हा आकडा ऐकून दचकायला होते, पण अरुंद आयताकृतीमुळे ते मनगटावर लहानच दिसते. उलट ४२ मिलिमीटरचे गोल घड्याळ बारीक मनगटावर थाळीसारखे बसते. गोल ड्रेस वॉच ३४ ते ३९ मिलिमीटरमध्ये शोधावे. फोटोवरून ठरवू नये. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून दुकानात जावे आणि घड्याळ कफखाली जाते का, ते पाहावे.

मग यंत्र. ते कंपनीने स्वतः बनवले आहे की दुसऱ्या कारखान्यातून घेतले, हा प्रश्न हौशी मंडळींत फार चघळला जातो. बाहेरून घेतलेले यंत्र वाईट असते असे नाही. ‘ईटीए’ किंवा ‘सेलिटा’ची यंत्रे दणकट असतात आणि गल्लीतला चांगला कारागीरही ती उघडू शकतो. प्रश्न किमतीचा आहे. तेच यंत्र घातलेले एक घड्याळ एक लाखाला आणि दुसरे चार लाखांना असेल, तर वरचे तीन लाख केस, तबकडी आणि नाव यांचे आहेत. रिव्हर्सोतील ‘कॅलिबर ८२२’ केसच्या आकारानुसार खास आयताकृती बनवलेले, हाताने किल्ली द्यायचे यंत्र आहे. ते ४२ तास चालते, म्हणजे रोज सकाळी किल्ली देण्याची सवय लावून घ्यावी लागते. यंत्र पाहायला मागे काच नाही. निम्म्या लाखाच्या घड्याळांनाही हल्ली मागे काच असते आणि आत पाहण्यासारखे फारसे काही नसते, तेव्हा काच नसणे ही उणीव समजू नये.

‘स्विस मेड’ या दोन शब्दांवरही किती विसंबायचे ते ठरवावे. २०१७ पासूनच्या नियमानुसार उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के वाटा स्वित्झर्लंडमधील असला की ती अक्षरे छापता येतात. अचूकतेचे ‘सीओएससी’ प्रमाणपत्र १५ दिवसांच्या चाचणीनंतर मिळते. त्यात दिवसाला उणे चार ते अधिक सहा सेकंदांची सरासरी मुभा असते. काही कंपन्या, त्यात लकूल्त्रही, स्वतःची वेगळी चाचणी घेतात.

कारागिरी तपासायला भिंग मागावे. शोरूममध्ये ते असतेच आणि मागण्यात संकोच नको. तबकडीवरील खुणा छापलेल्या आहेत की स्वतंत्र बसवलेल्या, काट्यांच्या कडा स्वच्छ आहेत का, घासलेला आणि चकाकता पृष्ठभाग जिथे मिळतात ती रेघ धारदार आहे का, हे पाच मिनिटांत कळते. या किमतीत काट्याच्या कडेला खरबरीतपणा दिसला तर सरळ उठावे.

सर्व्हिसिंग आणि हवामानाचे काय?

विक्रेता हे सांगत नाही. मेकॅनिकल घड्याळ पाच-सात वर्षांनी उघडून, साफ करून, तेल घालून घ्यावे लागते. नामांकित कंपनीच्या केंद्रात एका सर्व्हिसिंगच्या खर्चात एक चांगले नवे टायटन येते, शिवाय घड्याळ परदेशी पाठवले तर काही महिने विसरायचे. त्यामुळे हमीचा कालावधी विचारावा. लकूल्त्र नोंदणी केल्यास आठ वर्षांपर्यंत हमी देते, ती या हिशेबात मोठी रक्कम ठरते. ‘३० मीटर वॉटर रेझिस्टंट’ याचा अर्थ तीस मीटर खोल पाण्यात चालेल असा नाही. हात धुताना उडालेले पाणी सोसेल, एवढाच. मुंबई-कोकणच्या घामट हवेत मगरीच्या चामड्याचा महागडा पट्टा दोन पावसाळ्यांत कुजट वास मारू लागतो. जूनमध्ये घड्याळ कपाटात ठेवावे किंवा साधा पट्टा लावावा.

ही गुंतवणूक आहे का?

नाही, आणि इथेच तरुणांची सर्वाधिक फसगत होते. २०२१-२२ मध्ये काही मोजक्या स्टीलच्या स्पोर्ट्स घड्याळांचे पुनर्विक्रीचे भाव छापील किमतीच्या कित्येक पट झाले. पाटेकचे ‘नॉटिलस ५७११’ त्यात आघाडीवर होते. २०२२ च्या मध्यापासून ते भावही घसरले. ड्रेस वॉच त्या तेजीत फारसे नव्हतेच. नवे ड्रेस वॉच बिल फाटताच मूल्य गमावते. मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतःचे नाव कोरून घेतले तर आणखी. जे कार्डाच्या हप्त्यांवर घ्यावे लागते ते परवडत नाही, इतका साधा नियम पुरेसा आहे. ‘भाव वाढेल’ या वाक्याने तो मोडू नये.

हीच घसरण दुसऱ्या हाताच्या ग्राहकाच्या पथ्यावर पडते. विश्वासार्ह विक्रेत्याकडून बॉक्स, मूळ बिल आणि सर्व्हिसच्या नोंदींसह घेतलेले वापरलेले घड्याळ अनेकदा अधिक शहाणी खरेदी ठरते. मात्र जास्त पॉलिश करून केसच्या कडा गोल झाल्या असतील तर किंमत पाडून मागावी. दुबईहून किंवा झुरिकहून आणणार असाल तर मर्यादेपुढील मूल्य विमानतळावर जाहीर करून शुल्क भरावे. न भरल्यास घड्याळ जप्त होऊ शकते.

आजोबांच्या एचएमटीचे काय?

हात बसवायला तेच उत्तम. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या ‘सिटिझन’च्या सहकार्याने बेंगळूरुत घड्याळे बनवायला सुरुवात केली. तबकडीवर देवनागरीत नाव असलेले, १७ ज्वेल्सचे, किल्लीचे ‘जनता’ हे अस्सल ड्रेस वॉच आहे. पातळ, साधे, कफखाली जाणारे. एचएमटी वॉचेस बंद करण्यास केंद्राने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली आणि त्यानंतर हौशी ग्राहक वाढले. रोज किल्ली देणे आपल्याला जमते का, एवढे लहान घड्याळ मनगटावर आवडते का, हे दहा लाख मोजण्याआधी येथे जवळपास फुकटात कळते. घरच्या कपाटातले असेल तर तबकडी रंगवून घेऊ नये, फक्त साफ करून तेल घालून घ्यावे. ऑनलाइन घेताना मात्र जपावे. जुन्या यंत्रावर भडक नवी तबकडी रंगवून विकली जाणारी घड्याळे जगभरच्या संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ या नावानेच ओळखली जातात. पन्नास वर्षांच्या घड्याळाची तबकडी कोरी करकरीत आणि अक्षरे किंचित वाकडी दिसली, तर ते त्यांपैकीच एक.