कोष्टकाला रडता येत नाही म्हणे!

शोनबर्गच्या बारा सुरांच्या पद्धतीचे नाव काढले की आपल्याकडचे जाणकार नाक मुरडतात. ‘ते संगीत नव्हे हो, गणित! कोष्टक मांडायचे आणि वाजवायचे.’ हे म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यातली एक तरी रचना शेवटपर्यंत ऐकलेली असते, देव जाणे!

नियम साधा आहे. सप्तकातल्या बाराही सुरांची एक माळ ओवायची, कुठलाही सूर दोनदा नाही. ती माळ सरळ, मागून पुढे, चढाच्या जागी उतार करून आणि त्याही रूपात मागून पुढे, अशी चार रूपे घेते; प्रत्येक रूप बारांतल्या कुठल्याही सुरावरून सुरू होते. झाली ४८ रूपे. षड्जाचे राज्य इथे नाही, हे आपल्या कानाला बोचते, कबूल. पण मारव्यात पंचम वर्ज्य, आणि षड्जालाही गायक सारखी हुलकावणी देतो. त्याला कुणी गणित म्हटल्याचे ऐकिवात नाही.

आल्बान बेर्गचा १९३५चा व्हायोलिन कॉन्चेर्टो ऐका. मानोन ग्रोपिउस ही मुलगी अठराव्या वर्षी गेली, तिच्या स्मृतीला तो वाहिलेला आहे. त्याच्या माळेतला पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा सूर म्हणजे व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा! (चर्चच्या शाळेत व्हायोलिन शिकलेल्या गोंयकाराला हे सांगायला नकोच.) शेवटचे चार सूर पायरीपायरीने चढतात, आणि तोच चढ बाखने एका कांताटात घेतलेल्या, मरणाची तयारी झालेल्या जीवाच्या प्रार्थनागीताचा आरंभ आहे. शेवटी ते गीतच अवतरते. म्हणजे कोष्टकातच शोक ओवलेला होता. बेर्ग स्वतः त्याच डिसेंबरात गेला. पहिला प्रयोग बार्सिलोनात १९३६च्या एप्रिलमध्ये झाला, तो त्याला ऐकायला मिळाला नाही.

तक्रार करायचीच तर बुलेझच्या १९५२च्या ‘स्ट्रक्चर्स’बद्दल करा. तिथे सुरांबरोबर त्यांची लांबी, जोर आणि आघातही माळेत कोंबले. मीही तुमच्या बाजूने उभा राहीन. पण त्याचा दंड शोनबर्गने का भरायचा? नाझींनी १९३८च्या ड्युसेलडॉर्फच्या प्रदर्शनात त्याच्या संगीताला ‘विकृत’ ठरवले होतेच. पुढे १९४७ मध्ये त्याने ‘वॉर्सातून वाचलेला’ लिहिले, तेही याच पद्धतीने. त्यात सैनिक कैद्यांना मरणासाठी मोजायला लावतात. मोजणी वाढत वाढत सुसाट होते, आणि अचानक तेच कैदी हिब्रू प्रार्थना गाऊ लागतात. सगळे मिळून सात-आठ मिनिटांचे काम. तेवढे ऐका, आणि मग खुशाल गणित म्हणा.